धन्यवादित सिस्टर रोझाली रेंदू : विद्यार्थ्यांना गरिबांच्या दारी नेणारी शिक्षिका

समाजकार्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात पाऊल टाकताच एक गोष्ट उमगते. येथील अभ्यास वर्गाच्या चार भिंतींत पुरा होत नाही. आठवड्यातील ठरलेले दिवस त्याला वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात किंवा एखाद्या सेवासंस्थेत घालवावे लागतात. तेथे जे पाहिले, ऐकले आणि केले त्याचा अहवाल लिहावा लागतो आणि मार्गदर्शकासमोर बसून त्याबद्दलच्या प्रश्नांना उत्तरेही द्यावी लागतात. यालाच क्षेत्रकार्य म्हणतात. मुंबईत १९३६ साली नागपाड्याच्या वस्तीत सुरू झालेली आणि आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावाने परिचित असलेली संस्था असो, अथवा १९५५ साली व्रतस्थ भगिनींनी स्थापन केलेले निर्मला निकेतन असो, क्षेत्रकार्यावाचून समाजकार्याची पदवी ही कल्पनाच तेथे कोणी करू शकत नाही.

असे असूनही क्षेत्रकार्य म्हणजे तास भरून काढण्याची एक बाब, वहीवर सही मिळाली की सुटलो, असे मानणारे विद्यार्थी आढळतात. विद्यार्थ्यांनाच दोष द्यावा असेही नाही. आपल्या धर्मग्रामांतून नाताळच्या तोंडावर शिध्याच्या पिशव्या घेऊन आपण पाड्यांवर जातो, पिशवी देतो, छायाचित्र काढतो आणि अंधार पडायच्या आत परततो. ज्याच्या दारी गेलो त्याचे नाव तरी आपल्या लक्षात राहते काय? गरिबाच्या दारी जाणे आणि तेथे काही शिकून येणे यांतील अंतर फार मोठे आहे.

हे अंतर ओळखून तरुण विद्यार्थ्यांना हाताशी धरून ते पार करायला शिकवणारी एक धर्मभगिनी एकोणिसाव्या शतकात पॅरिस शहरात होऊन गेली. समाजकार्याची विद्यालये निघायला तेव्हा अजून साठ-पासष्ट वर्षांचा अवकाश होता. क्षेत्रकार्य हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता. तरीही कायद्याचे, वैद्यकाचे, तंत्रविद्येचे विद्यार्थी तिच्या दारात येत, यादी घेऊन जात आणि नवे डोळे घेऊन परतत. धन्यवादित सिस्टर रोझाली रेंदू यांची ही जीवनकथा आम्ही आज वाचकांसमोर ठेवीत आहोत.

डोंगरातील घर

सिस्टर रोझाली यांचे मूळ नाव झान-मारी. ९ सप्टेंबर १७८६ रोजी फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, जिनिव्हाजवळच्या झ्युरा पर्वतातील कॉन्फोर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. घर डोंगरी शेतकऱ्याचे, पण खाऊन-पिऊन सुखी. चार बहिणींत झान-मारी थोरली. सुल्पिशियन संघाचे पुढे नावारूपास आलेले धर्मगुरू फादर झाक-आंद्रे एमरी हे या कुटुंबाचे स्नेही आणि झान-मारीचे धर्मपिता होते.

ती तीन वर्षांची होण्यापूर्वीच फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. नव्या राजवटीने धर्मगुरूंवर राज्यघटनेची शपथ लादली. जे ती घेण्यास तयार नव्हते त्यांना लपूनछपून राहावे लागले आणि त्यांना आसरा देणाऱ्यांच्या डोक्यावर मृत्युदंडाची तलवार टांगली गेली. रेंदू कुटुंबाने आपले दार उघडे ठेवले. त्या घरात पिएर नावाचा एक नवा गडी कामाला आला. घरातील मंडळी या गड्याशी इतक्या आदराने का वागतात, हे त्या चाणाक्ष मुलीला कोडे पडले. एके रात्री तिने त्याला मिस्साबलिदान अर्पण करताना पाहिले आणि तिचे कोडे सुटले. गड्याच्या वेशात तेथे प्रत्यक्ष बिशप महोदय राहत होते. झान-मारीचा प्रथम ख्रिस्तप्रसादही घराच्या तळघरात, मेणबत्तीच्या उजेडात पार पडला.

संकटात सापडलेल्या माणसाला आश्रय देताना त्याचा पक्ष विचारायचा नसतो आणि त्याचे गुपित ओठांबाहेर काढायचे नसते, हे दोन धडे त्या मुलीने असे घरातच गिरवले. पुढे पॅरिसमध्ये हेच धडे तिने इतरांना दिले.

१७९६ साली मे महिन्यात वडील वारले आणि दोनच महिन्यांनी सर्वात धाकटी, अवघ्या चार महिन्यांची बहीण दगावली. तरुण विधवा आईच्या संसाराला थोरल्या लेकीने हातभार लावला. नंतर आईने तिला जेक्स गावी उर्सुलाईन भगिनींच्या वसतिशाळेत धाडले. त्या गावात एक रुग्णालय होते आणि तेथे संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या दयाकन्या रुग्णांची सेवा करीत. झान-मारी तेथे जाऊ लागली आणि तेथेच रमली. तिचे पाचारण तिला रुग्णांच्या खाटांपाशी गवसले.

विद्यार्थिनी रोझाली

२५ मे १८०२ रोजी ती पॅरिसमध्ये दयाकन्यांच्या मातृगृहात दाखल झाली. तिला सोळावे वर्ष पुरे व्हायचे होते. क्रांतीच्या काळात या संघावरही बंदी आली होती, ती उठून जेमतेम दीड वर्ष झाले होते. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. डोंगरातल्या मोकळ्या हवेत वाढलेल्या मुलीला शहरातील कोंदट निवास मानवेना आणि तिची प्रकृती ढासळली. तेव्हा वरिष्ठांनी तिला हवापालटासाठी म्हणून शहराच्या दक्षिणेकडील मुफतार वस्तीतल्या छोट्या सेवागृहात पाठवले.

हवापालटासाठी निवडलेली ही जागा म्हणजे पॅरिसमधील सर्वांत दरिद्री भाग होता. तेथून वाहणाऱ्या बिएव्र नदीच्या काठी कातडी कमावण्याचे कारखाने होते. चिंध्या वेचणारे, रंगारी, रोजंदारीवर जगणारे मजूर, परगावाहून पोटासाठी आलेले शेतकरी अशांची तेथे दाटी होती. अरुंद गल्ल्या, सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या खोल्या आणि एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबे! नव्या मुलीने घाबरून परत जावे असेच सारे वातावरण. झान-मारी मात्र तेथे टवटवीत झाली.

तिच्या प्रमुख होत्या सिस्टर तार्दी. पुढे असंख्य लोकांची मार्गदर्शक झालेल्या रोझालीला स्वतःला प्रथम एक चांगली मार्गदर्शक लाभली, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. सिस्टर तार्दी या मुलीला आपल्याबरोबर वस्तीत नेत, आजाऱ्यांची शुश्रूषा करायला शिकवत, मुलींच्या वर्गावर लिहिण्यावाचण्याचे आणि धर्मशिक्षणाचे पाठ देण्यास बसवत. या मुलीला संघाचा वेश द्यावा आणि माझ्यापाशीच ठेवावे, अशी विनंती त्यांनीच मातृगृहाकडे केली. ती मान्य झाली. संघात सिस्टर रोझाली हे नाव मिळालेल्या या भगिनीने १८०७ साली व्रते घेतली आणि १८१५ साली त्या सेवागृहाच्या प्रमुख झाल्या. दोन वर्षांनी सेवागृह लाकडी तलवारीची गल्ली अशा अर्थाचे नाव असलेल्या शेजारच्या रस्त्यावर हलवण्यात आले. मुफतार वस्तीत हवापालटासाठी आलेली ती मुलगी तेथेच चोपन्न वर्षे राहिली.

संत व्हिन्सेंट यांनी आपल्या कन्यांसाठी मठाच्या भिंती उभारल्या नव्हत्या. शहरातील रस्ते हाच त्यांचा मठ आणि भाड्याची खोली हीच त्यांची कोठडी, अशी त्यांची धारणा होती. सिस्टर रोझाली या धारणेच्या पुऱ्या वारसदार शोभल्या. रस्त्याने चालताना आपली प्रार्थना जितकी चांगली होते तितकी एरवी होत नाही, असे त्या सांगत. त्यांच्या प्रयत्नांतून त्या वस्तीत मोफत दवाखाना, औषधालय, शाळा, अनाथालय, मजूर मातांच्या तान्ह्यांसाठी पाळणाघर, कामकरी तरुणींसाठी मंडळ आणि निराधार वृद्धांसाठी आश्रम असे सेवेचे जाळे विणले गेले. वरिष्ठ आपल्याकडील उमेदवार मुलींना आणि नवख्या भगिनींनाही घडवण्यासाठी त्यांच्याकडे पाठवू लागले.

विद्यार्थी दारात येतात

१८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. १८३२ साली पटकीची साथ आली आणि काही महिन्यांत शहरातील सुमारे १८,००० माणसे तिने गिळली. मुफतारसारख्या वस्त्यांना तिचा तडाखा सर्वाधिक बसला. रस्त्यावर बेवारस पडलेली प्रेते उचलताना सिस्टर रोझाली यांना लोकांनी पाहिले. अशा त्या काळात फ्रेडरिक ओझानाम नावाचा तरुण ल्यों शहरातून कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसमध्ये आला होता.

ओझानाम आणि त्याचे मित्र इतिहास आणि तत्त्वज्ञानावरील चर्चामंडळात भाग घेत. तेथे सर्व मतांचे तरुण येत. ख्रिस्ती धर्माने मागील शतकांत केलेली कामगिरी ओझानाम हिरिरीने मांडत असे. एकदा प्रतिपक्षाच्या तरुणांनी त्याला अडवले. इतिहास पुरे झाला, आज तुमची ख्रिस्तसभा गरिबांसाठी काय करते आहे आणि तुम्ही स्वतः काय करीत आहात, असा त्यांचा सवाल होता. हा प्रश्न ओझानामच्या जिव्हारी लागला. वादात प्रत्युत्तर देणे त्याला कठीण नव्हते. परंतु या प्रश्नाचे उत्तर जिभेने देण्याजोगे नव्हते, हे त्याला कळून चुकले.

२३ एप्रिल १८३३ रोजी, योगायोगाने ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. वयाने आणि अनुभवाने वडील असलेले संपादक एमान्युएल बायी त्यांच्या मध्यभागी होते. दर आठवड्याला भेटायचे आणि गरिबांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करायची, असे ठरले. पुढे संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या नावाने जगभर पसरलेल्या कार्याची ती पहिली बैठक होय.

पण सेवा करायची ती कोणाची? या तरुणांना एकही गरीब कुटुंब ठाऊक नव्हते. पुस्तके, व्याख्याने आणि वसतिगृहाची खोली एवढेच त्यांचे जग. गरिबीविषयी बोलू शकणारे, पण एकाही गरिबाचे दार न ठोठावलेले असे ते विद्यार्थी होते. बायी आणि त्यांच्या पत्नीचा सिस्टर रोझाली यांच्याशी परिचय होता. त्यांनी या मंडळींपैकी झ्यूल दव्हो या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला लाकडी तलवारीच्या गल्लीत पाठवले.

त्या वेळी सिस्टर रोझाली सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्या वस्तीत त्यांना तीन दशके झाली होती. त्यांनी उत्साही पोरांची हौस म्हणून ही गोष्ट उडवून लावली नाही, की मोठेपणाने त्यांच्या गळ्यात अवघड कामही टाकले नाही. त्यांनी भेट देण्याजोग्या कुटुंबांची यादी करून दिली. रिकाम्या हाताने जावे लागू नये म्हणून भाकरीच्या चिठ्ठ्याही दिल्या. आणि याहून मोलाची गोष्ट म्हणजे, या कामाचे शिक्षण दिले.

गृहभेटीचे धडे

त्यांच्या शिकवणीचा कोणताही ग्रंथ नाही. त्यांच्या सहवासात वर्षानुवर्षे काम केलेले आर्मां द मलँ यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले. त्यातून आणि विद्यार्थ्यांच्या कार्यातून ती शिकवण आपल्यापर्यंत पोहोचते.

पहिला धडा सभ्यतेचा. श्रीमंताच्या दिवाणखान्यात जसे अदबीने वागतो तसेच मजुराच्या खोलीत वागावे, त्याचे घर हे घरच आहे याचे भान ठेवावे, ही त्यांची अपेक्षा असे. दुसरा धडा धीराचा. गरिबाशी बोलण्यात गेलेला वेळ वाया गेला असे मानू नये. पुष्कळदा त्याला भाकरीइतकीच ऐकून घेणाऱ्या कानांची भूक असते. तिसरा धडा सर्वांत अवघड, तो निवाडा न करण्याचा. दारिद्र्याने पिचलेला माणूस उद्धटपणे बोलेल, खोटेही बोलेल, मदत घेऊन पुन्हा दारूच्या गुत्त्याकडे वळेल. अशा वेळी तरुण स्वयंसेवक चिडतो आणि हा मदतीला पात्र नाही असे ठरवून मोकळा होतो. सिस्टर रोझाली त्याला विचार करायला लावत, की अशा खोलीत, अशा उपासमारीत आपण वाढलो असतो तर आपण याच्याहून बरे निपजलो असतो काय?

या धड्यांची कसोटी लागायला फार दिवस लागले नाहीत. चरित्रकार सांगतात, की ओझानामच्या वाट्याला आलेल्या एका कुटुंबात पाच मुलांची आई राबून राबून खंगली होती आणि बरोबर राहणारा पुरुष तिची कमाई दारूत उडवून तिला व मुलांना मारहाण करीत असे. भाकरीची चिठ्ठी देऊन परतणे सोपे होते. ओझानाम मात्र त्या घरी जात राहिला, विचारपूस करीत राहिला. तेव्हा त्या दोघांचा विवाह कायदेशीर झालेलाच नाही, हे त्याच्या ध्यानात आले. आपण या जाचाला बांधलेल्या नाही, हे त्या बिचारीला माहीत नव्हते. कायद्याच्या या विद्यार्थ्याने तिला ते समजावून सांगितले, अधिकाऱ्यांकडून संरक्षण मिळवून दिले, तिला आपल्या मूळ प्रांतात परतता यावे म्हणून मित्रांकडून वर्गणी गोळा केली आणि थोरल्या मुलांना बायी यांच्या छापखान्यात कामाला लावले.

समाजकार्याच्या आजच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग बारकाईने पाहावा, असे आम्ही सुचवू. आधी विश्वास संपादन करणे, मग अडचणीचे मूळ शोधणे, त्या व्यक्तीला तिचा हक्क समजावून देणे, तिच्या संमतीने मार्ग काढणे आणि आपल्या ओळखीची साधने तिच्यासाठी उपयोगात आणणे, या सर्व पायऱ्या त्यात आहेत. आज यालाच व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. वर्गात शिकलेला कायदा एका स्त्रीच्या आयुष्यात उपयोगी पडू शकतो, हे ओझानाम त्या खोलीत शिकला.

विद्यार्थ्यांची साप्ताहिक बैठक हाही या शिक्षणाचाच भाग होता. प्रार्थना झाली की प्रत्येकाने आपण भेट दिलेल्या कुटुंबाची हकिगत सांगायची, अडचण मांडायची, इतरांचा सल्ला घ्यायचा आणि पुढच्या आठवड्यात काय करायचे ते ठरवायचे. सेवाकार्याचा हिशेब दुसऱ्यासमोर मांडावा लागला की भावनेच्या भरात केलेल्या चुका ध्यानात येतात. अहवाल आणि मार्गदर्शकाशी चर्चा यांना आजच्या क्षेत्रकार्यात जे स्थान आहे, तेच या बैठकीला होते.

सभासद झपाट्याने वाढले आणि दीड-दोन वर्षांतच त्यांची संख्या शंभरावर गेली. तेव्हा मंडळाचे विभाजन करावे काय, यावर मोठा वाद झाला. एकमेकांचा लोभ जडलेल्या तरुणांना वेगळे होणे नकोसे वाटत होते. ओझानाम विभाजनाच्या बाजूचा होता आणि १८३५ साली ते झाले. प्रत्येक गटाने आपापल्या वस्तीकडे लक्ष द्यावे आणि प्रत्येक सभासदाला खरोखरीचे काम मिळावे, हेच त्यामागील सूत्र होते.

अडसरांच्या दोन्ही बाजूंना

सिस्टर रोझाली यांची शिकवण केवळ शब्दांची नव्हती. १८३० आणि १८४८ च्या उठावांत पॅरिसच्या रस्त्यांवर दगड, गाड्या आणि सामान रचून अडसर उभारले गेले. एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला भुकेले कामगार. सिस्टर रोझाली दोन्ही बाजूंच्या जखमींची शुश्रूषा करीत. उठावात सामील झालेल्या काहींना त्यांनी निसटण्यास मदत केली, म्हणून पोलीसप्रमुख गिस्के यांनी त्यांच्या अटकेचा हुकूम काढला. हाताखालच्या अधिकाऱ्याने विनवणी केली तेव्हा ते जातीने सेवागृहात आले. आपण दयाकन्या आहोत, संकटात सापडलेल्याला मदत करताना त्याचा झेंडा पाहत नाही आणि उद्या खुद्द आपल्यावर तशी वेळ आली तर आपल्यालाही हे दार उघडे असेल, अशा आशयाचे उत्तर सिस्टर रोझाली यांनी त्यांना शांतपणे दिले. अटक टळली.

१८४८ च्या जूनमध्ये एक सैनिकी अधिकारी जमावापासून जीव वाचवण्यासाठी सेवागृहात धावत आला. मागोमाग बंदुका रोखलेले लोक आले. सिस्टर रोझाली मध्ये उभ्या राहिल्या आणि अखेर गुडघे टेकून, इतकी वर्षे केलेल्या सेवेच्या नावाने त्याच्या प्राणांची भीक त्यांनी मागितली. जमावातील माणसे त्यांच्याच वस्तीतील होती. कोणाच्या मुलांना त्यांनी शिकवले होते, तर कोणाच्या आईला औषध दिले होते. बंदुका खाली आल्या.

त्याच दिवसांत ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसचे आर्चबिशप अफ्र यांना मध्यस्थीसाठी जाण्याची विनंती केली. आर्चबिशप महोदय अडसरांपाशी गेले, तेथे त्यांना गोळी लागली आणि दोन दिवसांनी त्यांनी प्राण सोडला. गरिबांची दुःखे साठून त्यांचे अंगारे होतात तेव्हा किती मोल द्यावे लागते, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले.

भाकरीच्या चिठ्ठीपासून कायद्यापर्यंत

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. भाकरीच्या चिठ्ठ्या वाटून दारिद्र्य हटते काय? श्रीमंतांच्या दानाने गरीब मिंधा होतो आणि अन्याय मात्र तसाच राहतो, असे त्या काळीही म्हटले जाई आणि आजही म्हटले जाते. आक्षेप खोटा नाही. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे दानाचे दुखणे आहेच.

सिस्टर रोझाली यांनी यावर वादविवाद केला नाही. तथापि त्यांच्या विद्यार्थ्यांची वाटचाल त्याचे उत्तर देते. आर्मां द मलँ हे सरदार घराण्यातील गृहस्थ तरुणपणी त्यांच्याकडे आले, वस्तीतील कुटुंबांना भेटू लागले आणि वर्षानुवर्षे भेटत राहिले. ओलसर, अंधाऱ्या खोलीत आजारी मूल पुन्हा पुन्हा पाहिले की औषधाइतकाच खोलीचाही प्रश्न आहे, हे कळू लागते. मलँ यांनी १८४५ साली समाजसेवेच्या प्रश्नांना वाहिलेले नियतकालिक सुरू केले. १८४९ साली ते विधिमंडळावर निवडून गेले. आरोग्यास अपायकारक घरांविषयीचा १८५० चा फ्रान्सचा कायदा आर्मां आणि त्यांचे बंधू अनातोल यांच्या पुढाकारातून झाला आणि तो मलँ यांच्याच नावाने ओळखला जातो. झाँ-लेओं ल प्रव्हो या दुसऱ्या सहकाऱ्याने कामकरी मुले आणि तरुणांच्या सेवेसाठी १८४५ साली व्रतस्थांचा नवा संघ स्थापला. ओझानाम पुढे सोरबोन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि कामगारांना न्याय्य वेतन मिळण्याचा विचार त्याने आपल्या लेखनातून मांडला. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी मार्सेय येथे त्याचे निधन झाले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात त्याला धन्यवादित घोषित केले.

या सर्वांचा आरंभ एकाच दारातून झाला. एका कुटुंबाची भेट ही विद्यार्थ्याची पहिली पायरी होती. त्या पायरीवरून तो चढत गेला तर व्यवस्थेच्या प्रश्नापर्यंत पोहोचे. पायरीच गाळली असती, तर त्याने केलेला कायदा कागदाचा राहिला असता.

अखेरचे दिवस

वय वाढले तशी सिस्टर रोझाली यांची कीर्तीही वाढली. लाकडी तलवारीच्या गल्लीत धनिकांच्या बग्ग्या आणि मजुरांच्या वहाणा एकाच वेळी दिसत. मंत्री, राजदूत, बिशप, विद्यार्थी सारे त्यांच्या लहानशा भेटखोलीत रांगेत बसत. चांगले काम हाती घेण्यापूर्वी कोणते दार ठोठवावे, हे विचारायला विद्यार्थी येतच राहिले. सेवा करणाऱ्याने रस्त्याच्या कोपऱ्यावरील दगडासारखे असावे, ज्यावर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आपले ओझे क्षणभर टेकवता यावे, असा एक दृष्टान्त त्या देत. त्यांचे स्वतःचे जीवन म्हणजे असा दगडच झाला होता.

१८५२ साली तिसऱ्या नेपोलियनने त्यांना फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. त्या तो नाकारणार होत्या. वरिष्ठ फादर एतिएन यांनी आज्ञा केली म्हणून त्यांनी तो स्वीकारला. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी हळूहळू गेली. ज्यांनी इतरांना गरिबांकडे पाहायला शिकवले त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांपुढे अंधार झाला, तरी आवाजावरून माणूस ओळखून त्या त्याच्या घरची चौकशी करीत.

७ फेब्रुवारी १८५६ रोजी अल्पशा आजारानंतर त्या प्रभुचरणी विलीन झाल्या. बातमी पसरताच सारी वस्ती लोटली. सेंट मेदार चर्चपासून माँपार्नास दफनभूमीपर्यंतच्या अंत्ययात्रेत श्रीमंत-गरीब, डावे-उजवे, श्रद्धावंत आणि चर्चचे तोंड न पाहणारे असे सारे एकत्र चालले. त्यांच्या थडग्यावरील लेखातही श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही कृतज्ञ स्नेह्यांचा उल्लेख आहे. ९ नोव्हेंबर २००३ रोजी रोम येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. ७ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन आहे.

आपल्यासाठी बोध

आजचे समाजकार्य हे शास्त्र झाले आहे. त्याचे सिद्धान्त आहेत, नीतिनियम आहेत, हक्कांची भाषा आहे. हे सारे आवश्यक आहे आणि सिस्टर रोझाली यांच्या काळाकडे परत जावे असे आम्ही सुचवीत नाही. तथापि क्षेत्रकार्यासाठी निघालेल्या विद्यार्थ्याने त्यांच्या दारातून तीन गोष्टी बरोबर घ्याव्यात. पहिली, एकट्याने जाऊ नये. जाणत्याच्या मार्गदर्शनाखाली जावे आणि परतल्यावर त्याला हिशेब द्यावा. दुसरी, एकदाच जाऊ नये. पहिल्या भेटीत दार उघडते, विश्वास मात्र पुष्कळ भेटींनंतर उघडतो. तिसरी, शिकवायला नव्हे तर शिकायला जावे. त्या खोलीतला माणूस आपला अभ्यासविषय नसून आपला गुरू आहे.

मार्गदर्शकांवरील जबाबदारी तर याहून मोठी. संस्थांमध्ये येणाऱ्या विद्यार्थ्याला दिवसभर कागद लावायला बसवणे सोपे असते. सिस्टर रोझाली यांच्या दारात रोज शंभर कामे वाट पाहत असत. तरीही एका नवख्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी वेळ काढला, यादी केली, समजावून सांगितले. त्या दिवशी त्यांना फुरसत नसती, तर आज दीडशेच्या आसपास देशांत पसरलेल्या त्या सोसायटीचे काय झाले असते, कोण जाणे!

आपल्या धर्मग्रामांतील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांना, युवक-युवतींना आणि धर्मशिक्षकांनाही आमची एक नम्र सूचना आहे. येत्या नाताळात पिशव्या जरूर वाटाव्यात. पण त्याबरोबर प्रत्येक तरुणाने अनुभवी सभासदासोबत एकाच कुटुंबाची ओळख करून घ्यावी आणि वर्षभर त्या घरी जात राहावे. महिन्यातून एकदा एकत्र बसून जे पाहिले त्यावर प्रार्थनापूर्वक विचार करावा. प्रभू येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवले आणि ते परतल्यावर त्यांचे सारे ऐकून घेतले, हे आपण शुभवर्तमानात वाचतोच.

धन्यवादित सिस्टर रोझाली यांच्या मध्यस्थीने आपल्या विद्यार्थ्यांना गरिबांचे दार ठोठावण्याचे धैर्य, आणि त्या दारात नम्रपणे उभे राहण्याची बुद्धी लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.